आढं

बाबांनी पारवाडजवळ एक घर उभं केलं होतं.
त्याच्या आढ्याबद्दल ते भेटेल त्याला सांगायचे:
या पाख्यावरचं पाणी सरळ गोव्याला,
त्या पाख्यावरचं मलप्रभेला,
मग पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत पायपीट.
मधे फक्त पाच इंच फणसाचं लाकूड.
तिथं मांजर बसायचं.

मष्णू सुताराला नकाशा वाचता यायचा नाही,
उतार वाचता यायचा.
कणकुंबीला छप्पर इतकं ताठ
की कौल तारेनं बांधावं लागतं.
वळचण कमरेपर्यंत खाली,
पाहुण्यानं वाकूनच आत यायचं.
म्हणून आमच्याकडची माणसं नम्र, असं बाबांचं मत.
आईचं मत वेगळं होतं.

जांबोटी ओलांडली की बोटभर उतार कमी.
खानापुरात, भट्ट्यांच्या धुराखाली, आणखी दोन बोटं.
बेळगावात पाऊस माणसात येतो,
छत्रीचं ऐकतो.
पुढे तांबडी माती काळी होते,
भाताची ज्वारी होते,
'काय करूलालास'चं होतं 'एन माडाकत्ती'.
नेमकं कुठल्या गावात, मी विचारायची.
गावात नाही गे, वाशात.

एकदा बैलहोंगलच्या पुढे काम मिळालं.
गंगव्वा उप्पिन नावाची बाई.
ती काहीबाही सांगत राहिली, बाबा मान डोलावत राहिले
आणि सवयीनं आढं चढवून
वासे उतरते सोडून मोकळे झाले.
चौथ्या दिवशी ती शेतातून आली,
कमरेवर हात ठेवून हसत सुटली.
मळे इल्ला, बडिगेर. मळे इल्ला!
बाबांना वाटलं, बाईला मळे नाहीत, गरीब आहे.
म्हणाले, मजुरी सावकाश दे.

शेजारच्या पोरानं उलगडून सांगितलं:
मळे म्हणजे पाऊस.
पाऊसच नाही, तर एवढा उतार कुणासाठी?
मिरच्या कुठं वाळवू?
उन्हाळ्यात झोपू कुठं?

मने म्हणजे घर, हेही त्याच दिवशी कळलं.

बाबांनी आपल्याच हातानं वासे काढले,
सपाट तुळया टाकल्या, वर काटक्या, वर माती.
ती तिनं पायांनी तुडवून घट्ट केली.
रात्री त्याच माळवदावर त्यांना घोंगडं दिलं.
पंचेचाळिशीचा माणूस
उताणा पडून पहिल्यांदाच अख्खं आभाळ बघत होता.
आमच्याकडे त्यासाठी अंगणात जावं लागतं
आणि अंगणात चार महिने पाणीच उभं.

परत येताना बेळगावात बसच्या काचा फुटलेल्या.
पाटीवर गावाचं नाव कुठल्या लिपीत,
असलं काहीतरी.
दोन रात्री स्टँडावर काढल्या, पत्र्याखाली.
पत्र्याचा उतार चुकलाय,
एवढंच बोलले त्याबद्दल.

त्या वर्षी मला भूगोलात आशिया खंड होता.
वारे, डोंगर, भात खाणारे, गहू खाणारे,
तंबू, बांबूची घरं, मातीची घरं.
मी घोकत होते, बाबा रंधा मारत होते.
पर्जन्यछाया, मी वाचलं,
आणि रंधा थांबला.
पावसाला सावली असते?
पुस्तकात आहे, म्हटलं.
भुशात बोट फिरवत बसले बराच वेळ.
मग म्हणाले, तिथं झोपून आलोय मी.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी आमच्या छपराचं
एक कौल काढून काचेचं बसवलं,
चुलीच्या जरा अलीकडे, जेवायला बसतो तिथं.
आई म्हणाली, गळणार.
गळत नाही. अजून आहे.
जुलैत त्यावर शेवाळ धरतं
आणि ताटातल्या भातावर
हिरवा उजेड पडतो.